आंबेखेडी फाट्यावरचं झाड

२ नोव्हेंबर १९९७, रविवार. जळगाव

भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो असं मी आजवर समजत होतो. काल जीवरामने पाटावर बसून, कपाळावर कुंकू घेऊन, उलट ओवाळणी मागितली. तीही बहिणीकडून नव्हे, माझ्याकडून.

जीवराम म्हणजे मंदाचा धाकटा भाऊ. शिंदखेड्याकडच्या एका जिनिंगचा ट्रक चालवतो. गेल्या मे महिन्यात दोंडाईचा रस्त्यावर आंबेखेडी फाट्यापाशी त्याच्या ट्रकखाली धुरपदाबाई नावाची बाई सापडली आणि जागीच गेली. खटला उभा राहिलाय. जीवरामचं म्हणणं असं की रस्त्याला लागून कडुनिंबाचं झाड होतं, बाई झाडामागून एकाएकी पळत आली, दिसलीच नाही. कोर्टाला हे पटलं तर सुटेल. नाही पटलं तर तुरुंग आणि लायसन्सही गेलं. त्याला दुसरं काही येत नाही. चौथीत असल्यापासून तो ट्रकच चालवणार असं सांगत होता, असं मंदा म्हणते.

पंचाईत ही की ते झाड आता जागेवर नाही. पावसाळ्याआधी रस्ता रुंद केला, झाड तोडलं, बुंधा उपटला, खड्डा मुरमाने बुजवून सपाट केला. पंचनाम्यात लिहिलंय, 'रस्त्याचे बाजूस कडुनिंबाचे झाड'. बाजूस म्हणजे हातभर की फर्लांगभर, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

"पाव्हना, तुमी फोटोवरथून कॉलेजनं गेट उभं करं व्हतं ना? तसंच मनं ते झाड उभं करी द्या."

चूक माझी. गणपतीत सासुरवाडीला मीच फुशारकी मारली होती. मी तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवतो. पुण्याच्या एका वर्गमित्राने मला पाच फ्लॉप्यांवर एक प्रोग्रॅम दिलाय. एकाच जागेचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो कंप्युटरला द्यायचे, या फोटोतला हा कोपरा म्हणजे त्या फोटोतला तो कोपरा असं एकेक दाखवत जायचं. मग यंत्र फोटोवाला कुठे कुठे उभा होता ते शोधतं, आणि सगळी जागा पडद्यावर उभी करतं. नुसतं चित्र नाही. आत शिरून फिरता येतं. आमचं गेट आणि कँटीन मी असं उभं केलं होतं. कँटीनची भिंत जरा कलली, पण उभी राहिली.

ओवाळून झालं तरी मंदा तबक हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी हो म्हणालो. म्हटल्या म्हटल्या पस्तावलो.

९ नोव्हेंबर, रविवार

दोंडाईच्याला जाऊन आलो. एसटीत उभा, येताना पण उभा.

झाड असलेले एकूण सहा फोटो मिळाले. दोन पोलिसांचे, ते जीवरामचे वकील छगनराव यांच्याकडून. त्या दोन्हींत फोटोचा अर्धा भाग ट्रकच्या तोंडाने व्यापलाय आणि उरलेल्या अर्ध्यात दोन पंच टोप्या सावरून एका जागेकडे बोट दाखवत उभे आहेत. झाड असतं मागे, पण पंचांच्या बोटांपुढे त्याची काय मातब्बरी?

बाकीचे चार मात्र नशीब म्हणायचे. त्या दिवशी आंबेखेडीत लग्न होतं. अपघाताच्या पाव तास आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून फाट्यावरच्या मारुतीच्या दर्शनाला आणलं होतं. फोटो काढले उखर्डू फोटोवाल्याने. त्याचं दुकान बाजारात आहे. मी म्हटलं, मला मागचं झाड हवंय. तो म्हणाला, "सर, मी नवरदेवाचे फोटो काढतो. झाडाचं लग्न असेल तेव्हा बोलवा."

निगेटिव्ह मागितल्या तर पावसाळ्यात एकमेकींना चिकटून गेल्या म्हणे. प्रिंट आहेत. प्रत्येकात माणसंच माणसं. मला नाल्यावरच्या मोरीच्या कठड्याचा कोपरा हवा, तर तिथे कुणाचा तरी मामा. मला देवळाचं जोतं हवं, तर त्यावर अख्खी भाऊबंदकी चढलेली. चौथ्या फोटोत हापसा चक्क दिसला असता, पण एक बाई भारा खाली ठेवून नेमकी त्याच्यापुढे ओंजळीने पाणी पिते आहे. कधी नव्हे ते एक स्पष्ट खूण मिळत होती, तर ही मध्ये.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज प्रत्यक्ष जागेवर मापं घेतली. मोरी, हापसा आणि मारुतीचं देऊळ जसंच्या तसं आहे. त्या तिघांच्या खऱ्या जागा कळल्या की फोटोंना आधार मिळतो. ट्रक मोरीवरून येतो, हापसा डाव्या हाताला, देऊळ उजव्या हाताला. बाई हापशाकडून देवळाकडे चालली होती. झाड हापशाच्या पुढे रस्त्याच्या कडेला होतं असं जीवराम म्हणतो. एका फोटोवरून काहीच कळत नाही; झाड हापशाशेजारी दिसतं, पण पुढे की मागे ते उमगत नाही.

दुर्बिणीची तिपाई मांडल्याबरोबर चाळीस माणसं जमली. रस्ता पुन्हा रुंद होणार का, पाइपलाइन येणार का, कुणाचं घर जाणार. टेप धरायला सगळेच पुढे आणि टेप धरता एकालाही येईना. कुणी सैल सोडतो, कुणी दगडाऐवजी दगडाच्या सावलीवर धरतो. शेवटी एक उंच, हडकुळा माणूस आला. न बोलता शून्याचं टोक बरोबर कोपऱ्यावर धरून उकिडवा बसला. दोन तास हलला नाही. इतकं सरळ टेप धरणारं पोरगं माझ्या वर्गात नाही.

काम संपल्यावर त्याने विचारलं, "सायेब, तुमी त्या झाडनं मोजी ऱ्हायनात ना?"

मी म्हटलं, हो, कॉलेजचं काम आहे.

"बठ्ठा लोके सांगतस, ती निमना मांगथून पळत उनी. डोकावर भारा ऱ्हास तवय माणूस पळस का, सायेब? ती त्याले दिसनी व्हई का नही, इतलंच सांगा. माले बाकी काय नको."

तेव्हा कळलं की हा हिलाल, धुरपदाबाईचा नवरा. मी ड्रायव्हरचा मेहुणा हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खुणा पटवायला मी चारी फोटो देवळाच्या पायरीवर मांडले होते, ते गोळा करायला लागलो. त्याने चौथा उचलला.

"हाई मनी धुरपदा शे."

हापशापुढची पाणी पिणारी बाई.

घरात तिचा एकही फोटो नाही म्हणाला. लग्नात काढलाच नव्हता. तो फोटो त्याने परत दिला नाही. हिसकावूनही घेतला नाही, नुसता धरून बसला. चाळीस माणसं बघत असताना मी काय करणार? त्याच्याकडे राहू दिला. आता उखर्डूच्या हातापाया पडून दुसरी प्रिंट मिळवायची.

येताना चहा घेतला नाही. सगळ्यांवर वैतागलो होतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उखर्डूने दुसरी प्रिंट दिली, तीही पिवळट. ती घेऊन स्टेशन रोडवरच्या डीटीपीवाल्याकडे गेलो. लग्नपत्रिका छापतो, स्कॅनर त्याच्याकडेच आहे. परवा फोटो दिले, आज फाइली आणल्या, कॉलेजात उघडल्या. हापसा गायब. पोलिसांच्या फोटोतला तारेचा खांबही गायब.

फोन केला. म्हणाला, "सर, मागची कचकच साफ करून टाकली. त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

मला मागची कचकचच हवी आहे, हे वाक्य आयुष्यात मला कुणाला समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार

उभं राहिलं! फाटा पडद्यावर उभा राहिला. मोरी, तिच्या पलीकडे रस्ता, हापसा, देऊळ. रंग उडालेले आहेत, देवळाच्या कळसावर कुणाचा तरी फेटा चिकटलाय, माणसं कागदाच्या पतंगांसारखी फाटून लोंबताहेत. एक पाऊल पुढे जायला दोन सेकंद लागतात. पण मी खुर्चीत बसून आंबेखेडी फाट्यावर फिरलो.

आणि झाड चुकीच्या जागी.

हापशाच्या मागे, डांबराच्या कडेपासून चौदा फूट आत. तिथे असलेलं झाड कुणाला झाकणार, बकरीला? काहीतरी मोठी चूक झालीय.

१० डिसेंबर, बुधवार

सगळे कोपरे पुन्हा नेमले. चौदा फूट.

१३ डिसेंबर, शनिवार

पोलिसांचे फोटो वगळून पाहिलं. साडेतेरा. लग्नाचे दोन वगळून पाहिलं. चौदा आणि चार इंच. मध्ये दोनदा वीज गेली. फ्लॉपी नंबर तीन खराब आहे असा संशय आहे.

२१ डिसेंबर, रविवार

जीवरामचा फोन. शेजारच्या कुळकर्ण्यांकडे येतो. सगळं घर ऐकतं.

"झाड कडेलेच व्हतं, पाव्हना. दहा वरीसथून मी त्या रस्तावर शे. तुमी माले झाड दखाडतस का आते?"

मी म्हटलं, अरे, यंत्र मागे दाखवतंय. तो म्हणाला यंत्राला सांगा. यंत्राला सांगा! आणि वर म्हणाला, "थोडं पुढे सरकाई द्या ना, तुमनाच हातमां शे ते."

याला वाटतं पडद्यावर झाड म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं. सरकवायचं असतं तर दीड महिना मी डोळे कशाला फोडले असते? सरकवलं तर उद्या सरकारी वकील विचारेल, कुठून काढलं, आणि मी काय सांगणार? मोजून काढलेलं असलं पाहिजे. बिचारा घाबरलाय, म्हणून बोलतो असं. दहा वर्षं रोज जाणाऱ्याला झाडाची जागा कळणार नाही तर कुणाला? म्हणजे चूक माझ्या मोजमापातच आहे.

मंदाने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, झाड सरकवा म्हणतो. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

४ जानेवारी १९९८, रविवार

सापडली! चूक सापडली आणि माझी नव्हेच.

तिसरा फोटो. मोरीजवळ घोडा, घोड्यावर नवरदेव, लगामाजवळ करवली, मागे झाड. दोन महिने मी झाडाकडे बघत होतो, नवरदेवाकडे पाहिलंच नाही. त्याने कट्यार डाव्या हातात धरली आहे! नवरदेव कट्यार डाव्या हातात कशाला धरेल? म्हणजे उखर्डूने निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढली. सगळा फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा झालाय. फोटोत पाटी नाही, अक्षर नाही, मोरीचे दोन्ही कठडे सारखेच. कळणार कसं?

फोटो उलटा करून घातला. झाड सरकून थेट डांबराच्या कडेला, हापशाच्या पुढे. जीवराम म्हणतो तिथेच!

देवळाचा कोपरा मात्र दीड हात हलला आणि हापसा थोडा कलला. चालायचंच. देऊळ जुनं आहे, त्याचे कोन काटकोन असतील असं नाही. एका जागची चूक काढली की दुसरीकडे थोडं ओढलं जातं.

जीवरामला फोन केला. तो नुसतं म्हणाला, "बरं झायं." आनंदाने उडी मारेल असं वाटलं होतं.

छगनराव मात्र खूश. "सर, कोर्टाला पडद्यावर दाखवू. एवढं कोण करतं? ५ फेब्रुवारीची तारीख आहे. साक्षीला तुम्हीच."

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ खाऊनही वैताग गेला नाही. कॉलेजात निवडणुकीच्या ट्रेनिंगचं पत्र आलंय. घरी हे दुसरं.

तिसऱ्या फोटोची मूळ प्रिंट टेबलावर पडली होती. मंदा हळदीकुंकवाची तयारी करता करता ती उचलून म्हणाली, "हा फोटो उलटा छापलाय म्हणालात ना?"

"हो."

"मग या करवलीच्या नाकातली फुली डावीकडे कशी?"

मी पाहिलं. करवलीच्या नाकात डाव्या बाजूला फुली. तिच्यामागच्या दोन बायकांच्याही डाव्याच बाजूला.

मी म्हटलं, फॅशन असेल. मंदा म्हणाली, "तिघींची? आमच्याकडे नाक डावंच टोचतात. फोटो उलटा असता तर फुली उजवीकडे दिसली असती." तिने आपल्या नाकाला हात लावून दाखवलं, जणू मी कधी पाहिलंच नाही. मी म्हणालो, मग नवरदेवाच्या कट्यारीचं काय? ती म्हणाली, "ते त्यालाच विचारा." आणि वाण लुटायला गेली.

शिक्षण बारावी, कंप्युटर आयुष्यात हातात धरला नाही, आणि सर्वेक्षणाच्या मास्तरला चुका दाखवते. मला राग आला. ती चूक दाखवते म्हणून आला की बरोबर दाखवते म्हणून, ते लिहीत नाही.

१८ जानेवारी, रविवार

आंबेखेडीला जाऊन आलो. मंदाला सांगितलं, उखर्डूकडे जातोय.

नवरदेव घरीच होता. बायको पहिल्या खेपेला माहेरी गेलीय. नमस्कार करायला त्याने हात जोडले, उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं. बाकीची कडबाकुट्टीत गेली म्हणाला, लग्नाच्या दोन वर्षं आधी. तेव्हापासून सगळं डाव्या हाताने. कट्यार, जेवण, सही, सगळं.

चहा आला, तो घेतला. काय बोललो ते आठवत नाही. फाट्यावर एसटीची वाट पाहताना हापशापाशी उभा राहिलो, मोरीकडे पाहिलं. मोरीवरून दुधाची जीप आली. तिच्या ड्रायव्हरने लांबूनच मला पाहून हात केला. ओळखीचा नव्हता, उगीच केला.

हिलाल भेटेल की काय या धास्तीने पहिल्या आलेल्या गाडीत चढलो. ती शिरपूरला निघाली होती.

२२ जानेवारी, गुरुवार

मी काही खोटं करत नाही. एक फोटो उलटा ठेवला आहे, एवढंच. उलटा असू शकतो असं समजून ठेवला होता, तसाच राहिला. माझं काम फोटो घालून जागा उभी करण्याचं. कोर्टाने विचारलं तर सांगेन की दोन शक्यता आहेत. नाही विचारलं तर कोर्ट जाणे. छगनराव म्हणतात, कोर्टाला दोन शक्यता आवडत नाहीत.

जीवरामची दोन पोरं आहेत. मोठी मुलगी नववीत.

मंदाने विचारलं नाही की नवरदेवाचं काय झालं. मी उखर्डूकडे गेलो नव्हतो हे तिला कळलंय. चपलेला आंबेखेडीची पांढरी माती होती.

वर्गात आज एका पोराने लेव्हलिंगच्या वहीत वाचन खोडून दुसरं लिहिलं होतं. त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक डोकावून गेले.

१ फेब्रुवारी, रविवार

गुरुवारी साक्ष, म्हणून आज रंगीत तालीम. प्रयोगशाळेची किल्ली घेतली. छगनराव आले, जीवराम आला. मंदाही आली. तिला मी बोलावलं नव्हतं. आल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

जीवराम फार वाळलाय. त्याला पडद्यापुढे बसवलं. ट्रकच्या सीटवरून दिसतं तितक्या उंचीवर डोळा ठेवला, मोरीच्या अलीकडून सुरुवात केली. छगनराव मागून सांगत होते, साहेब विचारतील तेव्हा तुम्ही म्हणायचं, मोरी ओलांडली, समोर झाड, झाडामागे काही दिसत नव्हतं. चित्र दोन दोन सेकंदांनी पुढे सरकत होतं. मोरी आली. मोरी मागे गेली. डावीकडे डांबराला लागून कडुनिंब आला, त्याच्या बुंध्याआड अर्धा हापसा. मला त्या क्षणी कामाचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

जीवराम पुढे वाकला. गिअर टाकायला हात न्यावा तसा त्याचा डावा हात हलला.

"पाव्हना, झाड चुकी गयं," तो म्हणाला. "आठे नव्हतं ते."

छगनराव म्हणाले, "अहो, काय बोलताय?"

जीवरामला स्वतःलाही कळलं नव्हतं. रोजच्या रस्त्यावर कुणी नवा ब्रेकर बांधला तर माणूस बोलून जातो, तसं तो बोलून गेला. मग कळलं. पडद्याकडे बघत राहिला.

मंदा स्टुलावरून उठली. "मंग कोठे व्हतं, जीवराम?"

छगनराव म्हणाले, ताई, तुम्ही यात पडू नका, तारखेला चार दिवस राहिलेत. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी तुले विचारी ऱ्हायनू. कोठे व्हतं झाड?"

"हापसाना मांगे," जीवराम म्हणाला. "लांब. आम्ही तठे भाकर खातस, सावलीमां."

मग तो आपणहूनच बोलायला लागला. ती मोरीवरूनच दिसली होती. भारा डोक्यावर घेऊन हापशाकडून निघाली होती, चालत. वाटलं थांबेल. तेवढ्यात देवळाकडे बँड वाजला, घोडा नाचायला लागला. "मी घोडाकडे देखं, अक्का. इतलासाच वखत. मंग परत समोर देखं त..."

मंदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला वाटलं ठेवेल. ती मला म्हणाली, "तो फोटो सरळ करा."

मी केला. झाड सरकून चौदा फूट आत गेलं. हापसा सरळ झाला, देवळाचा कोपरा जागेवर आला. कुठेच ओढाताण उरली नाही. इतकं जुळलेलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. मला रडू येत होतं आणि ते छगनरावांसमोर नको होतं, म्हणून मी उगीचच त्यांच्यावर खेकसलो.

त्यांनी बॅग उचलली. जाताना म्हणाले, सर, तीन महिने घरच्याच माणसाला आत घालायला खपलात की हो.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दोंडाईचा

माझी साक्ष झालीच नाही. कंप्युटर, मॉनिटर, गोधडीत गुंडाळून जीपमधून नेलं होतं. उतरवावंसुद्धा लागलं नाही. नाव पुकारल्यावर जीवराम उभा राहिला आणि गुन्हा कबूल म्हणाला. साहेबांनी विचारलं, समजून बोलताय ना? कुणाचा दबाव? नाही म्हणाला. मग सगळं सांगितलं. झाड लांब होतं, बाई चालत होती, दिसत होती, माझं लक्ष वरातीकडे होतं. छगनराव कागद चाळत राहिले, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

हिलाल मागच्या बाकावर होता. मी ड्रायव्हरचा मेहुणा हे त्याला आज कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही, मला तो राग सोसला असता. शिक्षेची तारीख १६ पडली. बाहेर आल्यावर तो कारकुनाच्या टेबलापाशी गेला आणि जीवरामने काय लिहून दिलं ते वाचून दाखवा म्हणाला. कारकून वसकला. मग मी पुढे झालो आणि विनवणी केली. त्याने वाचलं: 'सदर महिला चालत रस्ता ओलांडत होती व ती मला दिसत होती.' हिलाल म्हणाला, पुन्हा वाचा. कारकुनाने पुन्हा वाचलं. हिलालने टोपी नीट केली आणि स्टँडकडे निघून गेला.

परतीच्या जीपमध्ये मंदा आणि जीवराम मागे बसले.

८ फेब्रुवारी, रविवार

१६ पर्यंत जीवराम आमच्याकडेच आहे. बायको-पोरांना परवा आणणार. मंदा त्याच्या आवडीचं करून घालते, तो दोन घास खाऊन उठतो. ती तरीही करते. रोज भांडी आपटते आणि पुन्हा करते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. ती माझ्यावर चिडलीय की स्वतःवर, हे विचारायची माझी छाती नाही.

दुपारी जीवराम म्हणाला, पाव्हना, ते एकदा दखाडा. मी म्हटलं, कशाला आता? संपलं ते. पण तो चप्पल घालून दाराशी उभाच राहिला, म्हणून प्रयोगशाळा उघडली. बसवला. मोरीच्या अलीकडून सुरुवात केली, या वेळी सरळ फोटोंवरून. हळू चालवा म्हणाला. मी म्हटलं, याच्यापेक्षा हळू याला येत नाही.

मोरी गेली. कडुनिंब लांब मागे, त्याची सावली मोकळी, पुढे हापसा. रस्ता रिकामा.

"थांबाडा," तो म्हणाला.

मी थांबवलं. तो बराच वेळ बघत होता. मग कीबोर्डवर बोटं फिरवून एकेक बटण बघायला लागला.

"पाव्हना, यामां हॉर्न कोठे शे?"

मी म्हटलं, यात हॉर्न नसतो.